अण्णाची कावीळ आणि नरखेडचे रोडगे

नागपूरला जायचं ते संत्री खायला, असं आमच्या साताऱ्याकडच्या लोकांना वाटतं. मी गेले होते भावावर पाळत ठेवायला. संत्री त्यात आपोआप झाली.

साल सत्तरच्या जरा पुढचं. मी तेव्हा चौतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी, आणि जगात मला कळत नाही अशी गोष्ट त्या वेळी एकही शिल्लक नव्हती. आता ऐंशी ओलांडली. कळणाऱ्या गोष्टी दरवर्षी एकेक गळून पडतात आणि झोप मात्र सुरेख लागते. त्या चौतीस वर्षांच्या बाईला आज रस्त्यात गाठलं, तर आधी तिच्या हातातली काळी पर्स काढून घेईन. त्या पर्समध्ये एक वही होती आणि वहीत ‘अण्णा : घ्यावयाची काळजी’ असं अधोरेखित करून खाली चौदा कलमं लिहिलेली होती.

अण्णा माझा थोरला भाऊ. एकोणिसाव्या वर्षी तो नोकरीसाठी नागपूरला गेला, एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला, तिथलीच मुलगी केली आणि तिथलाच झाला. भाषा तिथली लागली, तिखट तिथलं लागलं, पुढे दारूही तिथलीच लागली. ती आदल्या गुढीपाडव्याला सुटली. कारण विचाराल, तर त्याची मुलगी बेबी. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हा पहिल्या रांगेत बसून गाढ झोपला आणि मुख्याध्यापिकांचं भाषण चालू असताना एकदम उठून ‘वन्स मोर!’ म्हणून ओरडला. नऊ वर्षांची बेबी त्यानंतर चार दिवस बापाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी अण्णाने सोडली ती सोडली.

पुढे जानेवारीत वहिनीचं पत्र आलं. “ताई, दारू सुटली ते बरं झालं, पण माणसंही सुटली. छापखाना आणि घर. दिवाळीला फराळालासुद्धा कोणाकडे गेले नाहीत. एकदा येऊन जा.” आता यात ‘येऊन जा’ एवढंच आहे. मी मात्र त्यातून ‘येऊन पहारा द्या’ असं वाचलं, शाळेतून आठ दिवसांची रजा काढली आणि गाडीत बसले. गाडीचं काही सांगत नाही. गाडीत माणूस फक्त बसतो.

नागपूर

नागपूरची थंडी मला आवडली. आमच्याकडची थंडी दबकत येते, ही सरळ मानगूट धरते. स्टेशनवर अण्णा आला होता, मफलर कानाला गुंडाळून. वाकून नमस्कार करून उठता उठता मी त्याच्या तोंडाशी नाक नेलं. कलम पहिलं.

“काय वास घेते वं?” तो म्हणाला. “लवंग हाय. दाढ दुखून राहिली.”

लवंग! वास लपवायला लोक लवंग खातात हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी घरी पोचेपर्यंत गप्प राहिले आणि मग त्याची दाढ बघितली. खरंच किडलेली होती.

सक्करदऱ्याकडे त्यांच्या दोन खोल्या, पुढे अंगण. सकाळी वहिनीने पोहे दिले आणि पोह्यांवर पळीभर लालभडक रस्सा ओतला. तिकडे त्याला तर्री म्हणतात. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर आणि फार तर लिंबू. हे पोहे खाल्ल्यावर मी अंगणात जाऊन दोनदा येरझाऱ्या घातल्या. बेबी माझ्याकडे बघून म्हणाली, “आत्याबाई, हे तर पाहुण्यांसाठी कमी तिखट केलं होतं.”

पण सांगायचं ते अण्णाचं. माझा अण्णा म्हणजे बोलका माणूस. तो घरात असला की शेजारच्यांना रेडिओ लावायची गरज पडायची नाही. तोच अण्णा संध्याकाळी अंगणातल्या खुर्चीवर बसायचा आणि पेपराचं एकच पान तासभर धरून राहायचा. फाटकाजवळून कोणी ओळखीचा गेला की पेपर वर जायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की हा वाचत नाहीये, लपतोय.

मी त्याच्या चहाचा कप हुंगला. खोकल्याच्या औषधाची बाटली हुंगली. वहिनी हे सगळं बघत होती.

“ताई, तुम्ही काय हुंगून राहिल्या? त्यांनी सोडली. मले माहीत हाय नं. तुम्हाले मी त्याच्यासाठी नाही बोलावलं.”

“मग कशासाठी?”

तिने फळीवरच्या डब्याखालून एक पोस्टकार्ड काढलं. नरखेड तालुक्यातल्या कुठल्याशा गावाहून बाबाराव नावाच्या माणसाचं. अण्णाचा जुना दोस्त, संत्र्यांच्या बागेचा मालक. दरवर्षी संक्रांत झाली की एका रविवारी तो बागेत रोडग्यांची पार्टी देतो. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. त्यासोबत वांग्याची भाजी, वरण आणि तूप. बायका घरी, स्वयंपाक पुरुषांचा. बारा वर्षं अण्णा न चुकता जात होता आणि रोडगे भाजायचा मान त्याचाच होता. पार्टीत पिणंही व्हायचं, मोहाची, ती बागेतच कुठेतरी थंड करत ठेवलेली असायची.

“रविवार परवाच आहे,” मी म्हणाले.

“हो. अन् हे नाही म्हणून राहिले.”

मला अर्थातच ते योग्य वाटलं. कलम तिसरं : जुन्या संगतीपासून दूर ठेवावे. तसं मी अण्णाला सांगितलंसुद्धा, शाबासकीच्या सुरात. तो पेपरामागून म्हणाला, “कुसे, मी भिऊन नाही राहिलो दारूले. ते आता मले नाही पाहिजे. पण तिथं जाऊन करू काय? त्याईले मी पेलेलाच माहीत हाय. पेल्यावर मी गमती करतो, सोंग करतो. कोरडा अण्णा कोणाले पाहिजे? मले स्वतःलेच नाही पाहिजे तो.”

पेपर खाली आला नाही. मी वहीत पाहिलं. चौदा कलमांत याला उत्तर नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी रामटेके आले. हे छापखान्यातले, मशीनवर काम करणारे. उंच, सावळे, बोलताना शब्द मोजून वापरणारे. त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, “उद्या पहिली एसटी. मी घ्यायला येतो. तू नाही आला तर बाबाराव मले विचारते, अन् मले खोटं बोलता येत नाही.”

अण्णा “पाहू” म्हणाला. नागपुरी माणूस ‘पाहू’ म्हणाला की तो अर्धा निघालेला असतो, हे वहिनीने मला स्वयंपाकघरात येऊन कानात सांगितलं. तिचे डोळे चमकत होते. आणि मी तिथल्या तिथे जाहीर केलं, “मीही जाते बरोबर.”

वहिनीचा चेहरा पडला. “ताई, त्यांना एकट्यांना जाऊ द्या नं. मले बी वाटते जावं. पण मी गेली तं ते दिवसभर माह्याच तोंडाकडे पाहत बसतील.”

किती शहाणी बाई! शिक्षण सातवी. मी बी.ए., बी.टी., मी पर्स आवरायला घेतली.

नरखेडच्या वाटेला

काटोल सोडल्यावर दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. संत्र्याचं झाड इतकं ठेंगणं असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे फळझाड म्हणजे आंबा, त्याच्याकडे मान वर करून बघायचं. इथे झाडं आपल्याच उंचीची, आपल्याशी बोलायला उभी राहिल्यासारखी, आणि फांद्या फळांनी इतक्या वाकलेल्या की खाली बांबूंचे टेकू. मधूनच विहिरी, पाणी ओढणारी इंजिनं, कापसाच्या गाड्या. एसटीत रामटेक्यांनी फुटाण्यांची पुडी उघडून मध्ये धरली. अण्णा एकेक फुटाणा उचलत होता आणि बाहेर बघत होता. एकदा तो रामटेक्यांना म्हणाला, “पुढच्या फाट्यावर उतरून वापस जाऊ का?”

“जा नं,” रामटेके म्हणाले. “पण फुटाणे ठेवून जा.”

अण्णा हसला. मला वाटतं, त्या आठवड्यात मी पाहिलेलं ते त्याचं पहिलं हसू.

बाग

बाबाराव फाट्यावर फटफटी घेऊन उभे होते. धोतर, वर कोट, मिशा भरघोस. त्यांनी अण्णाला मिठी मारली, पण मला ती जराशी जपून मारल्यासारखी वाटली. बागेत दहा-बारा पुरुष होते. गोवऱ्यांचा ढीग रचलेला, एकीकडे मोठ्या परातीत कणीक मळणं चालू, दुसरीकडे वांगी चिरणं. विहिरीलगत पाण्याचं टाकं होतं आणि त्या पाण्यात गळ्याला दोऱ्या बांधून बाटल्या सोडलेल्या. माझी नजर बरोबर तिथे गेली, आणि मी पर्स घट्ट धरली.

आणि झालंच. बाबाराव पितळेचा पेला भरून घेऊन आले. “घे गा, अण्णा. पहिल्या धारेची हाय. दहा महिने तोंड नाही दाखवलं. आधी हे घे, मंग भांडू.”

सगळे बघत होते. अण्णाचा हात पुढे आला नाही आणि ‘नको’ हा शब्दही बाहेर पडला नाही. तो पेल्याकडे बघत नुसता उभा. त्याला थोडा वेळ दिला असता तर त्याने काय ते सांगितलं असतं. पण मला कलम सातवं आठवलं. ‘प्रसंगी आजाराचे कारण पुढे करावे.’

“अण्णाला कावीळ झालीये!” मी ओरडले. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात.

वांगी चिरणारे हात थांबले. इंजिन तेवढं फटफटत राहिलं.

“कावीळ?” बाबारावांनी पेला झाडाच्या बुंध्याशी ठेवला. “माह्या दोस्ताले कावीळ, अन् तुम्ही त्याले एसटीत हलवत आणलं? अरे, खाट टाका बे! सावलीत टाका! थांबा, मी मायले घेऊन येतो.” आणि फटफटीला लाथ मारून ते निघालेसुद्धा.

“माय कशाला?” मी रामटेक्यांना हळूच विचारलं.

“ताई, बाबारावची माय कावीळ उतरवते. आजूबाजूच्या वीस गावांत नाव हाय तिचं. बुधवारी अन् रविवारी दारापुढे बैलगाड्यांची रांग लागते.”

“आज वार कोणता?”

“रविवार,” रामटेके म्हणाले आणि मान फिरवून वांग्यांकडे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मग जे सुरू झालं त्याला प्रेम म्हणतात, आणि त्याच्यापासून माणसाला कोणी वाचवू शकत नाही. अण्णाला खाटेवर आडवं केलं. घोंगडी घातली. काविळीला चांगला म्हणून उसाचा ढीग आणून ठेवला. विस्तवाजवळ येऊ देईनात, कारण आच लागते. वांग्यांजवळ येऊ देईनात, कारण नजर जाते. सगळी मंडळी वीस हात लांब विस्तवाभोवती बसली आणि हा इकडे ऊस घेऊन एकटा. रोडगे भाजायला बाबारावांचे साडू बसले. त्या गृहस्थांनी गोवऱ्यांच्या पेटत्या ज्वाळेतच गोळे टाकले.

अण्णा कोपरावर उठला. “अबे, ज्वाळ बसू दे नं आधी! राख सारव वरून! जळून राहिले ते!”

“तू पडून राह्य,” तिकडून सगळे एका सुरात ओरडले.

तो पुन्हा आडवा झाला आणि माझ्याकडे बघून दातओठ खात म्हणाला, “कुसे, तू नागरिकशास्त्र शिकवते का वैद्यकी?”

“तुझ्या भल्यासाठीच...”

“ऊस खा.”

अर्ध्या तासाने फटफटी आली. मागे माय. ऐंशीच्या पुढची, मूठभर अंगाची, नऊवारीचा काष्टा आवळून, एका हाताने मुलाचा कोट आणि दुसऱ्या हाताने गाठोडं धरून बसलेली. आमच्याकडे त्या वयाची बाई फटफटीवर बसली असती तर गावाने वर्षभर चघळलं असतं. इथे कोणी मानही वळवली नाही.

मायने अण्णाची खालची पापणी ओढून बघितली. नखं बघितली. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. गाठोड्यातून कसलासा पाला काढून त्याचा रस अण्णाच्या हातांना चोळला, परातीत चुन्याची निवळी घेतली आणि त्यात त्याचे हात धुवायला लागली. बघता बघता पाणी पिवळंधमक!

“उतरून राहिली! उतरून राहिली!” मंडळींनी खाटेभोवती गर्दी केली.

आता लाज वाटते सांगायला, पण ते पाणी बघून क्षणभर मला वाटलं, याला खरंच कावीळ असणार, आणि ती वेळेवर ओळखली म्हणून मला स्वतःचा अभिमानही वाटला.

मायने पथ्य सांगायला सुरुवात केली. “एकवीस दिवस. तेल नाही, तूप नाही, वांगं नाही. विस्तवापाशी बसाचं नाही. अन् माणसाइत बसाचं नाही, बोलाचं नाही. एका खोलीत चूपचाप पडून राह्याचं.”

अण्णा घोंगडी बाजूला सारून उठून बसला. ओले हात तसेच हवेत.

“माय,” तो म्हणाला, “ते करूनच आलो मी. एकवीस दिवस नाही, दहा महिने.” मग तो बाबारावांकडे वळला. “मले कावीळ-बिवीळ काही नाही. मी दारू सोडली. पाडव्याले.”

बाबाराव खाटेच्या कडेवर बसले. “म्हणून आला नाही दहा महिने?”

“हो.”

“आम्ही काय तुह्या नरड्यात कोंबली असती?”

“नाही. पण मी कोरडा बसून तुमच्यात काय करू?”

“अरे बाप्पा,” बाबारावांनी कपाळावर हात मारला. “मले वाटलं तू माह्यावर रागावला. गेल्या साली मी तुले टाक्यात ढकललं नं! दोन कार्ड लिहिले, अन् फाडले. तिसरं धाडलं.”

“तू मले टाक्यात ढकललं?”

“तुले आठवत नाही?”

“नाही,” अण्णा म्हणाला. “काहून ढकललं?”

“ते मले बी नाही आठवत.”

इथे पहिला माणूस हसला. बहुतेक साडू. मी मात्र अजून परातीकडेच बघत होते. “पण माय,” मी म्हणाले, “मग पाणी पिवळं कसं झालं?”

“ते तं सगळ्याइचंच होते, बाई,” माय शांतपणे गाठोडं बांधत म्हणाली. “कावीळ डोळ्यात पाह्याची असते. याचे डोळे दुधावानी पांढरे हायेत. मले पाह्याचं होतं, हा खाटेवरून उठते का नाही. कावीळ असन कोणाले, तं तुले हाय. सगळं जग पिवळं दिसून राहिलं तुले.”

त्या हशाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते, की पर्स मी खाटेखाली ढकलली आणि संध्याकाळपर्यंत काढली नाही.

“ते जाऊ द्या,” बाबाराव म्हणाले. “आता रोडगे कोण भाजते? आमच्या साडूने तं कोळसा पाडला.”

अण्णा अनवाणीच गेला. त्याने जळके गोळे बाजूला काढले, ज्वाळ बसू दिली, निखारे पसरले, नवे गोळे ओळीने मांडले आणि वरून गरम राख अशी सारवली, जशी आई मुलावर पांघरूण घालते. मग काठी घेऊन उकिडवा बसला. कुठला गोळा कधी फिरवायचा हे त्याला कसं कळत होतं देव जाणे; मध्येच कान लावायचा, म्हणायचा, “हा तडकला, याले पलटवा.” त्याच्या हातात काम आलं आणि खांदे खाली आले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. रोडगे भाजून होत आले, तसं कोणीतरी म्हणालं, “अण्णा, होऊ दे कंडक्टर!” हे त्याचं दरवर्षीचं सोंग. एसटीचा कंडक्टर, कोंबडी घेऊन चढलेली म्हातारी, आणि कोंबडीचं तिकीट. अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मग उठला, टोपी तिरकी केली, घंटी ओढली आणि सुरू झाला.

नाही जमलं. म्हातारीचा आवाज कंडक्टरसारखाच आला. दोघं-तिघं तोंडदेखलं हसले. एक जण खाकरला. कोंबडीपाशी येऊन अण्णा थांबला, टोपी काढली आणि हातात फिरवत उभा राहिला. “पाहा,” तो हळू म्हणाला. “म्हटलं नव्हतं मी?” आता हा एसटी पकडेल आणि पुन्हा कधी पेपर खाली करणार नाही, असं मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात रामटेके म्हणाले, “काय पाहा? हे सोंग बारा वर्षं असंच पडते.”

“काय?”

“हसू कोंबडीवर कधीच नाही आलं. तू करता करता पडत होता, त्याच्यावर आम्ही हसत होतो. कोंबडी पहिल्यापासून बेकार हाय.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“कोणाले सांगू? तू शुद्धीत कधी होता?”

अण्णा आ वासून बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. मग तो खाली बसला आणि इतका हसला की राख उडाली. बाबाराव हसता हसता मिशा पुसायला लागले. अण्णा मध्येच थांबला. “पण तुले बरं सगळं आठवते?”

रामटेक्यांनी आपला पेला पुढे केला. “काय हाय, पाह्य.”

अण्णाने हुंगलं. आमच्या घराण्याची रीतच ती. “ताक?”

“बारा वर्षं ताकच हाय. छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षा घेतली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बावीस प्रतिज्ञांतली एक दारूची. तेव्हापासून शिवलो नाही.”

“तू बारा वर्षं माह्या बाजूले बसून ताक पेत होता?”

“अन् तुले एसटीत चढवत होतो, घरी सोडत होतो. तुले काय वाटलं, तू उडत जात होता?”

अण्णाने रामटेक्यांच्या पेल्यातलं उरलेलं ताक एका दमात पिऊन टाकलं आणि म्हणाला, “आंबट हाय बे.”

जेवण पळसाच्या पत्रावळीवर. रोडगा फडक्याने झटकून मुठीने फोडायचा, आत वाफ कोंडलेली असते, त्या फटीत तूप ओतायचं. तूप पळीने वाढत नाहीत, तांब्याने वाढतात. वांग्याच्या भाजीने माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं. मी वरणावर वरण घेत राहिले, आणि तरी भाजी दोनदा मागितली. ज्यांना प्यायची होती ते प्यायले, बाबारावही. कोणी लपवलं नाही, कोणी आग्रह केला नाही. पेले फिरताना अण्णापाशी आले की ताकाचा तांब्या पुढे यायचा, आणि तिसऱ्या फेरीनंतर ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

हात धुतल्यावर संत्री सोलत बसलो होतो, तेव्हा अण्णाने आपणहून सांगायला घेतलं. सोंग नाही, आवाज काढणं नाही. बेबीच्या शाळेतलं स्नेहसंमेलन. पहिली रांग, खुर्चीची ऊब, मुख्याध्यापिका, आणि ‘वन्स मोर’. मला तो किस्सा पाठ होता, तरी मी झाडाला धरून हसले. एक जण तर उताणाच पडला. पुढचे बेबीच्या अबोल्याचे चार दिवस त्याने एका वाक्यात सांगितले आणि तो संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत राहिला. बाबारावांनी त्याच्या पुढ्यात आणखी एक संत्रं ठेवलं, सोलून.

परत

दिवेलागणीला घरी पोचलो. बाबारावांनी संत्र्यांचं पोतं दिलं होतं. ते रामटेक्यांनी आणि अण्णाने दोन टोकांना धरून आणलं. वहिनी चुलीपाशी होती. तिने आधी पावलांचा आवाज ऐकला, मग वर बघितलं, आणि मग म्हणाली, “जेवले का?”

अण्णाने कपडेसुद्धा बदलले नाहीत. पाट ओढून तिच्यासमोर बसला आणि सांगायला लागला. बेबी येऊन त्याच्या पाठीला टेकली. एसटी, फुटाणे, पितळेचा पेला. माझा आवाज त्याने असा काढला की मला स्वतःला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं राहावंसं वाटलं. खाट, घोंगडी, ऊस. साडूंचा कोळसा. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तिला पत्ता नव्हता.

मध्येच ती थांबली. डोळे पुसले आणि तवा खाली उतरवत म्हणाली, “बारा वर्षं तुम्ही तिथून घरी येऊन राहिले. तिथं काय होते ते मी आज पह्यल्यांदा ऐकून राहिली.”

अण्णाने पाट आणखी थोडा पुढे सरकवला.

“ऐक नं मंग वं,” तो म्हणाला. “आता तं मायची फटफटी बागेत शिरून राहिली.”